फाउंटन्स ॲबीचे भग्नावशेष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून कुणी आलं, की यॉर्क पाहून झाल्यावर मी त्यांना फाउंटन्स ॲबीला घेऊन जाते. कधी मैत्रिणीचे आईवडील असतात, कधी शिकायला आलेली मुलं. खोऱ्यात उतरताना सगळे गप्प होतात आणि पाचेक मिनिटांनी प्रश्न सुरू होतात. बहुतेक प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

हे ठिकाण नेमकं कुठे आहे आणि काय आहे?

उत्तर यॉर्कशरमध्ये, रिपन या छोट्या शहराच्या नैर्ऋत्येला साधारण ५ किलोमीटरवर, स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात. ११३२ ते १५३९ अशी चारशेहून जास्त वर्षं इथे कॅथलिक संन्याशांचा मठ होता. आज छप्पर नाही, काचा नाहीत, पण भिंती, कमानी आणि एक उंच मनोरा उभा आहे. इंग्लंडमधल्या मठांच्या अवशेषांत इतकं मोठं आणि इतकं सलग फार थोडं शिल्लक आहे. १९८६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

ॲबी म्हणजे चर्चच ना?

नाही. ॲबी म्हणजे ज्याला स्वतःचा मठाधिपती, म्हणजे ॲबट आहे असा मठ. चर्च हा त्या मठाचा एक भाग. त्याच्या दक्षिणेला चौकोनी अंगण, अंगणाभोवती ओवऱ्या आणि ओवऱ्यांना लागून सभागृह, जेवणघर, निजायची दालनं, कोठार. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यासारखी मांडणी डोळ्यांसमोर आणलीत, तर नकाशा न बघताही फिरता येईल.

'फाउंटन्स' नाव कारंज्यांवरून पडलं का?

झऱ्यांवरून. मठाचं लॅटिन नाव 'सांक्ता मारिया दे फोंतिबुस', म्हणजे झऱ्यांची पवित्र मरिया. मठ चालायला पाणी लागतं, आणि खोऱ्याच्या कड्यातून झरे वाहत होते.

मठाची सुरुवात कशी झाली?

भांडणातून.

यॉर्क शहरात सेंट मेरी नावाचा श्रीमंत बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमाने चालणारा, मठ होता. (त्याचेही अवशेष यॉर्कच्या म्युझियम गार्डन्समध्ये आहेत, आदल्या दिवशी तुम्ही बहुधा त्यांच्या शेजारून गेला असाल.) तिथल्या काही संन्याशांना वाटू लागलं, की आपण संत बेनेडिक्टच्या नियमापासून फार दूर आलो आहोत. खाणंपिणं सुखाचं, बोलणं सैल, अंगमेहनत कुणी करत नाही. त्यांचा पुढारी होता मठाचा प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा अधिकारी, रिचर्ड. मठाधिपती ऐकेना, तेव्हा प्रकरण आर्चबिशप थर्स्टनकडे गेलं. ऑक्टोबर ११३२ मध्ये थर्स्टन स्वतः मठात आला. विरोधातल्या संन्याशांनी त्याला सभागृहात येऊ दिलं नाही, आरडाओरडा झाला, धक्काबुक्कीपर्यंत मजल गेली. सुधारणा मागणाऱ्यांना घेऊन थर्स्टनने चर्चमध्ये आसरा घेतला आणि शेवटी त्यांना आपल्याच घरी नेलं.

आता या तेरा माणसांचं करायचं काय? नाताळ झाल्यावर, २७ डिसेंबर ११३२ ला, थर्स्टनने त्यांना स्केलच्या खोऱ्यातली जमीन दिली. जमीन कसली, काटेरी झुडपं आणि खडक. माणसांपेक्षा जंगली जनावरांनी राहावं अशी ती जागा होती, असं मठाच्या जुन्या वृत्तांतात म्हटलं आहे. यॉर्कशरचा डिसेंबर काय असतो ते मी दरवर्षी अनुभवते. चार वाजता अंधार पडतो आणि ओल हाडांत शिरते. त्या हिवाळ्यात ते एका मोठ्या एल्म वृक्षाखाली राहिले.

हा वृत्तांत कर्कस्टॉलच्या ह्यू नावाच्या संन्याशाने लिहिला. माहिती सांगणारा होता सर्लो. ते सुरुवातीचे दिवस जवळून पाहिलेला हा माणूस तेव्हा अतिशय म्हातारा झाला होता. आजोबांनी सांगावं आणि नातवाने उतरवून घ्यावं, तसं हे लेखन आहे. त्यात भुकेच्या वर्षाची एक गोष्ट येते. एल्मची पानं शिजवून खाण्याची वेळ आली होती. अशात दाराशी एक माणूस भाकरी मागत आला. आत शिल्लक होते अडीच पाव, तेही कामावरच्या सुतारांसाठी ठेवलेले. रिचर्ड म्हणाला, एक याला द्या, दीड सुतारांना ठेवा, आपलं देव बघेल. थोड्याच वेळात नेअर्सबरोच्या किल्ल्यावरून पावांनी भरलेली गाडी आली. चमत्कार मानावा की न मानावा, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्या गोष्टीत दिसतात ते सुतार. संन्यासी पानं खात होते, तरी मजुरांच्या वाट्याला त्यांनी हात लावला नव्हता.

दोन वर्षांनी तेही हरले. सगळं सोडून फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठात जावं, असं ठरतही आलं होतं. तेवढ्यात ११३५ मध्ये यॉर्क मिन्स्टरचा, म्हणजे यॉर्कच्या मुख्य चर्चचा, डीन (तिथला प्रमुख अधिकारी) ह्यू आपली संपत्ती आणि ग्रंथसंग्रह घेऊन मठात दाखल झाला. मठ वाचला.

'सिस्टर्शियन' म्हणजे कोण?

फाउंटन्सचे संन्यासी ज्या पंथात गेले तो, १०९८ मध्ये फ्रान्समधल्या सितो इथे निघालेला पंथ. सितोचं लॅटिन रूप सिस्टर्शियम, त्यावरून हे नाव. बेनेडिक्टचा नियम शब्दशः पाळायचा, वस्तीपासून दूर राहायचं, स्वतःच्या हातांनी राबायचं, हे त्यांचं ब्रीद. झगा न रंगवलेल्या लोकरीचा, म्हणून त्यांना पांढरे संन्यासी म्हणत. चर्चमध्ये रंगीत काचा नकोत, कोरीव चित्रं नकोत, उंच मनोरे नकोत.

फाउंटन्सच्या संन्याशांनी ११३३ मध्ये क्लेअरव्होच्या बर्नार्डला, म्हणजे या पंथातल्या सर्वात वजनदार माणसाला, पत्र लिहिलं. त्याने जेफ्री नावाचा एक वयस्कर संन्यासी शिकवायला पाठवला. पुढे फाउंटन्समधूनही शाखा निघाल्या. लीड्सचं कर्कस्टॉल ही त्यातलीच एक, आणि ११४६ ची एक शाखा तर थेट नॉर्वेत, लीसे इथे.

त्यांचा दिवस कसा जायचा?

मध्यरात्रीनंतर उठून पहिली प्रार्थना, मग दिवसभरात सात. मधल्या वेळात वाचन आणि काम. निरोगी माणसाला मांस वर्ज्य. उन्हाळ्यात दोन जेवणं, हिवाळ्यात एक. जेवताना बोलायचं नाही, काही हवं असेल तर हाताच्या खुणा करायच्या. जेवणघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीत एक जिना आहे. तो चढून एक संन्यासी वर उभा राहायचा आणि बाकीचे जेवत असताना धर्मग्रंथ वाचून दाखवायचा.

थंडीत ऊब घ्यायला एकच खोली. तिथली चूल इतकी रुंद आहे की आत चार माणसं आरामात उभी राहतील. स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची दालनं सोडली, तर बाकी कुठे विस्तव नाही. आजाऱ्यांचं मोठं दालन नदीवर बांधलं होतं. खालून दगडी बोगद्यांतून नदी अजूनही वाहते. शौचकूपही नदीच्याच वर.

एवढा पसारा संन्याशांनीच उभा केला आणि चालवला?

हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं. याचं उत्तर मठाच्या पश्चिमेकडच्या कोठारात उभं राहून द्यायला हवं.

त्याला सेलेरियम म्हणतात. लांबी साधारण ९० मीटर. मधोमध खांबांची एकच रांग आणि प्रत्येक खांबातून दगडी फासळ्या दोन्ही बाजूंना वर जातात. खांब आणि फासळी यांच्यामध्ये साधी पट्टीदेखील नाही. खोड जिथे संपतं तिथेच फांदी फुटावी, तसा दगड वाकत वर गेला आहे. चर्चचं छप्पर गेलं, जेवणघराचं गेलं, हे मात्र शाबूत राहिलं. आता संध्याकाळी तिथे वटवाघळं उडतात.

दक्षिणेकडचा भाग कामकरी बंधूंचं जेवणघर होता आणि वरच्या मजल्यावर ते झोपत. कामकरी बंधू म्हणजे मठात शपथ घेऊन राहणारे, पण पूर्ण संन्यासी नसलेले लोक, लॅटिनमध्ये कॉन्व्हर्सी. बहुतेक शेतकरी, मेंढपाळ, गवंडी, लोहार, चांभार यांच्या घरांतले. दाढी राखायचे, कमी प्रार्थना करायचे, जास्त राबायचे. चर्च एकच, पण ते पश्चिमेच्या टोकाला आणि संन्यासी पूर्वेला. मध्ये आडभिंत. जेवणघर वेगळं, निजायची जागा वेगळी, आजाऱ्यांची खोली वेगळी. आणि पंथाचा नियम स्पष्ट होता : कामकरी बंधूने पुस्तक बाळगायचं नाही, शिकायचंही नाही. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' आणि अशा दोन-तीन प्रार्थना, त्याही फक्त तोंडपाठ.

कुणी म्हणेल, बाहेरच्या उपाशी खेड्यापेक्षा इथे दोन घास खात्रीचे होते, म्हातारपणी कुणी बघणारं होतं. ते खरंच आहे. लोक आपणहून येत होते. पण त्या दालनात उभं राहिलं की मला हेच आठवतं, की इथे जेवणाऱ्यांना वाचायला शिकण्याची बंदी होती आणि शंभर पावलांवर ग्रंथ लिहिले-वाचले जात होते. मठाधिपतींची नावं क्रमाने मिळतात. दगड रचणाऱ्यांची, मेंढ्या राखणाऱ्यांची नावं बहुतेक मिळतच नाहीत.

संन्यासी गरिबीचं व्रत घेतलेले, मग एवढा पैसा कुठून आला?

लोकरीतून.

लोक पुण्यासाठी जमिनी दान द्यायचे. मठाने त्यांची शेतघरं केली, त्यांना ग्रेंज म्हणत, आणि तिथे कामकरी बंधूंना नेमलं. पश्चिमेकडच्या डोंगराळ क्रेव्हन भागात मेंढ्यांची कुरणं होती. किल्न्सी इथे मोठं केंद्र, तिथे कातरणी व्हायची. किल्न्सीहून मॅलमकडे जाणारी मॅस्टाइल्स लेन ही जुनी वाट मेंढ्यांचे कळप न्यायला वापरत. आज ती दोन्ही बाजूंना दगडी बांध असलेली गवताळ पायवाट आहे, आवर्जून चालावी अशी. त्या भागातल्या एका डोंगराला अजूनही 'फाउंटन्स फेल' म्हणतात.

चौदाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्ती नावाच्या व्यापाऱ्याने इंग्रजी मठांच्या लोकरीची यादी केली. त्यात फाउंटन्सच्या नावापुढे वर्षाला ७६ पोती आहेत. इंग्लंडमधल्या कुठल्याही मठापेक्षा जास्त. एक पोतं म्हणजे ३६४ पौंड, साधारण १६५ किलो. म्हणजे वर्षाला बारा टनांहून अधिक लोकर.

पण पैसा आला तसा कर्जाचा फासही आला. इटालियन व्यापारी पुढच्या काही वर्षांच्या लोकरीचे पैसे आज द्यायचे. उभ्या पिकावर पैसे उचलणं आपल्याला नवीन नाही, हे तसंच. ठरलेला माल दिला नाही तर बाहेरून विकत घेऊन द्यायचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस मेंढ्यांत खरजेची साथ आली, लोकर घटली, आणि करार मात्र तसेच राहिले. १२९१ मध्ये मठाचं कर्ज सहा हजार पौंडांच्या पुढे गेलं होतं. राजाला मठावर कारभारी नेमावा लागला. भाकरीचा शेवटचा तुकडा वाटून खाणाऱ्यांचा मठ दीडशे वर्षांत इथवर आला. याचं कारण मला लोभापेक्षा बांधकामात जास्त दिसतं. त्याच शतकात चर्चच्या पूर्वेला नऊ वेद्यांचं प्रचंड दालन उभं राहिलं होतं. तसं दुसरं फक्त डरहमच्या कॅथीड्रलमध्ये आहे.

पुढे स्कॉटिश टोळ्यांचे हल्ले झाले, १३४९ मध्ये प्लेग आला. कामकरी बंधू मिळेनासे झाले, शेतघरं खंडाने दिली गेली. कामकरी बंधूंचं जेवणघर रिकामं पडलं.

तो उंच मनोरा कशासाठी?

मार्मड्यूक ह्यूबी या मठाधिपतीने बांधला. तो १४९५ ते १५२६ या काळात पदावर होता. उंची सुमारे ५० मीटर. आधी चर्चच्या मधोमध मनोरा घ्यायचा विचार होता, पण खालचे खांब भार घेईनात, म्हणून तो उत्तरेकडे सरकवला. वर लॅटिनमध्ये कोरलं आहे, की मान आणि गौरव फक्त देवाचा. त्याच मनोऱ्यावर ह्यूबीची आद्याक्षरंही आहेत.

पंथाला उंच मनोरे मुळात मान्य नव्हते. ह्यूबी कर्तबगार माणूस होता, मोडकळीला आलेला कारभार त्याने सावरला होता, आणि मनोरा सुंदर आहे यात शंका नाही. तरी सुरुवातीच्या तेरा जणांनी तो पाहिला असता तर काय म्हटलं असतं, हा विचार दर वेळी मनात येतो. त्याच्या मृत्यूनंतर तेराच वर्षांनी मठ बंद झाला.

मठ कुणी पाडला? युद्धात पडला का?

नाही. तोफा लागल्या नाहीत, भूकंप झाला नाही, आगही लागली नाही. (एकदा लागली होती, ११४७ च्या सुमारास. यॉर्कच्या आर्चबिशपपदाच्या भांडणात विरोधकांनी मठ जाळला. पण तो लगेच पुन्हा बांधला गेला.) हा मठ कागदाने पाडला.

आठव्या हेन्रीला पहिल्या बायकोपासून फारकत हवी होती, पोपने ती दिली नाही. १५३४ मध्ये कायदा करून राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. पुढच्या वर्षी त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने देशभरातल्या चर्चच्या आणि मठांच्या उत्पन्नाची मोजणी करवली. फाउंटन्सचं निव्वळ उत्पन्न निघालं वर्षाला हजार पौंडांहून जास्त, इंग्लंडमधल्या सिस्टर्शियन मठांत सर्वात अधिक. मोजणी झाली तेव्हाच पुढचं लिहिलं गेलं होतं, असं मला वाटतं.

मोजणीपाठोपाठ तपासनीस आले. मठाधिपती विल्यम थर्स्क चोर आहे, बायका ठेवतो, असं त्यांनी क्रॉमवेलला कळवलं आणि त्याला पद सोडायला लावलं. त्याच पत्रव्यवहारात पुढचा मठाधिपती कोण हेही येतं. मार्मड्यूक ब्रॅडली, कारण तो पदासाठी ६०० मार्क, म्हणजे ४०० पौंड, मोजायला तयार आहे. अशा तपासनिसांचे आरोप किती मनावर घ्यायचे, ते यावरून ठरवा. १५३६ मध्ये छोटे मठ बंद झाले तेव्हा उत्तर इंग्लंडमध्ये मोठा उठाव झाला. 'पिलग्रिमेज ऑफ ग्रेस' या नावाने तो ओळखला जातो. हजारो साधे लोक मठांसाठी रस्त्यावर आले. उठाव मोडला. थर्स्क तेव्हा जवळच्या जर्व्हो मठात राहत होता. त्यालाही गुंतवलं गेलं आणि १५३७ मध्ये लंडनला टायबर्न इथे फाशी दिलं.

२६ नोव्हेंबर १५३९. ब्रॅडली, त्याचा प्रायर आणि तीस संन्यासी सभागृहात जमले आणि मठ राजाच्या हवाली केल्याच्या कागदावर सह्या झाल्या. ब्रॅडलीला वर्षाला १०० पौंड निवृत्तिवेतन मिळालं, बाकीच्यांना त्या मानाने अगदी थोडं. सभागृहाच्या जमिनीत आधीच्या मठाधिपतींच्या कबरींचे दगड आजही आहेत. सह्या त्यांच्या साक्षीने झाल्या.

मग छप्पर, काचा, घंटा गेल्या कुठे? आणि भिंती कशा उरल्या?

१५४० मध्ये राजाने मठ आणि जमिनी लंडनचा व्यापारी सर रिचर्ड ग्रेशम याला विकल्या. छपरावरचं शिसं हा सगळ्यात मोलाचा माल. एकदा शिसं काढलं, की पाऊस आत येतो आणि लाकूड दोन-तीन दशकांत कुजतं. पाडायला वेगळा खर्चच नको. काचा आणि घंटाही विकण्याजोग्याच होत्या.

पुढच्या मालकांपैकी स्टीफन प्रॉक्टरने १५९८ नंतर मठाच्याच दगडांतून शेजारी फाउंटन्स हॉल हा वाडा बांधला. पश्चिमेकडून आलात तर आधी हा वाडा लागतो. त्याच्या भिंतीला हात लावा, तो मठाचा दगड आहे. बाकीचं वाचलं ते मुख्यतः आडबाजूला असल्यामुळे. मोठं शहर जवळ असतं, तर शंभर वर्षांत सगळा दगड लोकांच्या घरांत गेला असता. नदीकाठची बाराव्या शतकातली पिठाची गिरणी तर मठ बंद झाल्यावरही कामात राहिली आणि विसाव्या शतकापर्यंत वापरात होती. म्हणूनच ती सर्वात धड आहे.

मठाशेजारी इतकी आखीव बाग कशी?

ती अठराव्या शतकातली. जॉन एस्लबी अर्थमंत्री होता. 'साउथ सी' कंपनीच्या घोटाळ्यात तो अडकला, १७२१ मध्ये त्याला संसदेतून काढलं, आणि घरी येऊन त्याने आधीच सुरू केलेल्या स्टडली रॉयलच्या जलबागेला वाहून घेतलं. अवशेष विकत घेणं त्याला जमलं नाही. ते १७६७ मध्ये त्याचा मुलगा विल्यम याने १८,००० पौंडांना घेतले आणि बागेच्या शेवटच्या वळणावर मठ अचानक दिसावा अशी वाट आखली. आधी बाग आणि मग मठ या क्रमाने चाललात, तर तो क्षण मिळतो. श्रीमंताने शोभेसाठी मठ विकत घेतला हे खरं, पण त्यामुळेच त्याची राखण झाली, हेही खरं.

याचा भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो ऐकून आपली माणसं चकित होतात. भारताचा व्हॉइसरॉय लॉर्ड रिपन (१८८० ते १८८४) याच इस्टेटीचा मालक होता. १८५९ मध्ये स्टडली रॉयल आणि त्याबरोबर हे अवशेष त्याला वारशाने मिळाले. १८७४ मध्ये तो स्वतः कॅथलिक झाला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने असं करणं खळबळजनक होतं. हरणांच्या कुरणातलं सेंट मेरी चर्च त्याच्या बायकोच्या भावाच्या आठवणीसाठी बांधलं आहे. ग्रीसमध्ये दरोडेखोरांनी त्या भावाला मारलं होतं. रिपन पतिपत्नी त्याच चर्चमध्ये पुरलेले आहेत.

शाळेत आपण रिपनला 'स्थानिक स्वराज्याचा जनक' म्हणून पाठ करतो. मला त्याच्या कारकिर्दीतली दुसरी गोष्ट इथे जास्त जवळची वाटते. १८८२ मध्ये त्याने हंटर शिक्षण आयोग नेमला, आणि त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ चं निवेदन दिलं. सारा रयतेकडून घेता आणि तो खर्च करता वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे सांगून त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. आयोगाने ती मानली नाही. ज्या माणसाने तो आयोग नेमला, त्याच्याच मालकीचं होतं हे लांबच लांब कोठार, जिथे राबणाऱ्यांना अक्षरबंदी होती. सेलेरियममध्ये उभं राहून मी ही गोष्ट प्रत्येक मराठी पाहुण्याला सांगतेच.

वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चं किंवा जुन्या गोव्यातला ऑगस्टिनचा मनोरा, हे तसंच का?

दिसायला तसंच, काळ मात्र वेगळा. वसई आणि गोव्यातली बांधकामं सोळाव्या-सतराव्या शतकातली, पोर्तुगीज सत्तेबरोबर आलेली आणि भर वस्तीतली. फाउंटन्स त्यांच्या चारशे वर्षं आधीचं आणि मुद्दाम वस्तीपासून दूर. एक साम्य मात्र खोल आहे. गोव्याचा ऑगस्टिनियन मठही शत्रूने पाडला नाही. पोर्तुगाल सरकारने १८३४ मध्ये पुरुष संन्याशांचे मठ बंद केले, पुढच्या वर्षी गोव्यात तो हुकूम लागू झाला, आणि ओस पडलेल्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. वसईची कथा निराळी, तिथे १७३९ चा चिमाजी अप्पांचा विजय मध्ये येतो.

रॉबिन हूड इथे आला होता म्हणतात?

जुन्या पोवाड्यात त्याची आणि फाउंटन्सच्या एका फ्रायरची मारामारी आहे. दोघं एकमेकांना पाठीवर घेऊन नदी ओलांडतात आणि मध्येच पाण्यात टाकतात. मौजेची गोष्ट आहे. पण फ्रायर म्हणजे भिक्षा मागत फिरणारा, आणि इथे राहत होते ते मठ न सोडणारे संन्यासी.

हा पंथ आज कुठे आहे का?

आहे. इंग्लंडमध्येच, लेस्टरशरमधला माउंट सेंट बर्नार्ड हा मठ १८३५ मध्ये स्थापन झाला. तिथे आजही संन्यासी राहतात.

जायचं कसं? किती वेळ ठेवावा?

रिपनला रेल्वे नाही. १९६७ पासून प्रवासी गाड्या बंद आहेत. लीड्स किंवा हॅरोगेटहून ३६ नंबरची बस रिपनला जाते, तिथून पुढे स्थानिक बस किंवा टॅक्सी. जागा नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, तिकीट लागतं. बागेसह बघायचं तर पूर्ण दिवस ठेवा. चालायचं बरंच आहे. ज्येष्ठांना पश्चिमेकडच्या बाजूने न्या, चढउतार कमी पडतो. गवत ओलं असतं, चपला नकोत. दिवस नसेल तर लीड्समध्येच कर्कस्टॉल ॲबी बघा. तिथे फाउंटन्समधूनच गेलेले संन्यासी राहिले, आणि १८२७ पर्यंत चर्चच्या मधून चक्क वाहतुकीचा रस्ता जात होता.

मुलांना काय दाखवावं? दगड बघून ती कंटाळतात.

त्यांना शोधायला लावा. नऊ वेद्यांच्या दालनात एका खिडकीच्या कमानीला पंधराव्या शतकात तडा गेला होता. मठाधिपती जॉन डार्न्टन याने तो बुजवून घेतला आणि गवंड्याने बुजवलेल्या दगडावर आतल्या बाजूला देवदूत कोरला. त्याच तड्यावर बाहेरच्या बाजूला एक चेहरा आहे, ज्याच्या तोंडातून पानं फुटताहेत. मान अगदी मागे टाकून बघावं लागतं. गेल्या वेळी आमच्याबरोबर नाशिकची आठ वर्षांची मुलगी होती. देवदूत तिला लगेच सापडला. मग ती पळत बाहेर गेली, बराच वेळ वर बघत उभी राहिली, आणि तिथूनच ओरडली, "मावशी, सापडला, हा पानं खातोय!"